मीठ आणि मिलिमीटर

स्टॉकहोमच्या बंदरात भरती येत नाही आणि ओहोटीही लागत नाही. धक्क्याच्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. मुंबईत किंवा रत्नागिरीत धक्क्याच्या भिंतीवर शेवाळाचा आणि कालवांचा जो काळा-हिरवा पट्टा असतो, तो इथे कुठेच दिसत नाही. सकाळी पाणी जिथे होतं तिथेच ते संध्याकाळीही असतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी समुद्र चार-पाच मीटर चढतो आणि तेवढाच उतरतो. इथली भरती जेमतेम काही सेंटिमीटरची, तीही मोजायला उपकरण लागतं. वारा आणि हवेचा दाब यांनी पाणी थोडं वर-खाली होतं, पण चंद्राचं इथे फारसं चालत नाही.

आम्ही दोघं उन्हाळ्यात स्टॉकहोमला गेलो, तेव्हा नवऱ्याच्या नजरेला सगळ्यात आधी हीच गोष्ट खटकली. तो रत्नागिरीचा, किनाऱ्यावर वाढलेला. राजवाडा, नोबेल पारितोषिकांची मेजवानी होते तो लाल विटांचा सिटी हॉल, जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्ल्या हे सगळं बघायचं होतंच आणि ते आम्ही बघितलंही. पण पुढचे सगळे दिवस आम्ही या पाण्याच्याच मागे लागलो. ज्याला विचारावं त्याच्याकडून एकेक धागा मिळत गेला आणि शेवटी लक्षात आलं, की हे सगळं शहर दोन अगदी बारीक आकड्यांवर उभं आहे. पहिला आकडा आहे लिटरभर पाण्यातल्या मिठाचा आणि दुसरा वर्षाकाठी वाढणाऱ्या काही मिलिमीटर उंचीचा.

आधी मिठाचं सांगते. स्टॉकहोमसमोरच्या समुद्राला बाल्टिक म्हणतात. नकाशात तो एखाद्या मोठ्या सरोवरासारखा दिसतो, आणि बराचसा तसाच वागतोही. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्या आसपासच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांपुरताच त्याचा महासागराशी संबंध उरला आहे. महासागराची भरती तिथवर येते आणि त्या चिंचोळ्या वाटेतच विरून जाते. खारं पाणीही तिथूनच, थोडं थोडं, आत येतं. उलट चहूबाजूंनी नद्या मात्र गोडं पाणी ओतत असतात. परिणाम असा, की महासागराच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं, तर स्टॉकहोमच्या आसपास ते पाच-सहा ग्रॅमच भरतं. बंदराच्या आत तर आणखी कमी.

शहराबाहेर हजारो बेटांचा पसारा आहे. त्या बेटांकडे जाणाऱ्या पांढऱ्या बोटीने आम्ही वाक्सहोमला गेलो. तिथे खडकावर बसून नवऱ्याने हात बुडवला, बोट जिभेला लावलं आणि म्हणाला, "अगं, हे तर आळणी आहे!" मीही चाखून पाहिलं. मिठाची नुसती चाहूल होती. डोळ्यांसमोर समुद्रपक्षी, शिडाच्या होड्या, आडवं पसरलेलं क्षितिज, आणि जिभेवर मात्र जवळजवळ नदीचं पाणी.

आता मिलिमीटरची गोष्ट. ती समजून घ्यायला स्लुसेन या ठिकाणी जावं लागतं. जुन्या शहराचं बेट आणि त्याच्या दक्षिणेचं मोठं बेट यांच्यामध्ये पाण्याची एक अरुंद वाट आहे, आणि तिथे पनामा कालव्यात असतात तसली दारं बसवली आहेत. पश्चिमेला मेलारेन हे विशाल सरोवर, पूर्वेला बाल्टिक. दोन्हींची पातळी सारखी नाही. सरोवर समुद्रापेक्षा सरासरी सत्तर सेंटिमीटरने उंच आहे, म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलाएवढं. बोट या बाजूची त्या बाजूला न्यायची तर तिला मधल्या हौदात घेऊन, दारं लावून, हळूहळू उतरवावी लागते. जुन्या शहराच्या उत्तर अंगाला, संसद भवनापाशी, हेच सरोवराचं पाणी खळाळत समुद्रात शिरतं. तिथे भर राजधानीत, मंत्र्या-संत्र्यांच्या कचेऱ्यांसमोर, माणसं निवांत गळ टाकून उभी असतात आणि त्यांना सामन मासा मिळतोही.

गंमत अशी, की हजार वर्षांपूर्वी हे सरोवर नव्हतंच. मेलारेन ही तेव्हा बाल्टिकची खाडी होती. व्हायकिंग लोकांची जहाजं समुद्रातून थेट आत, आजच्या सरोवरात असलेल्या बिर्का या व्यापारी पेठेपर्यंत शिडं सोडून जात. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास खाडीचं तोंड इतकं उथळ झालं, की पाण्याचा प्रवाह एकाच दिशेने, आतून बाहेर वाहू लागला. जहाजांना सहज आत जाता येईना. माल तिथेच उतरवायचा, किंवा होड्या ओढून न्यायच्या. ज्या जागी सगळ्यांना थांबावंच लागतं, तिथे जकात बसवता येते, तटबंदी उभारता येते, बाजार भरवता येतो. 1252 सालच्या पत्रांत स्टॉकहोमचं नाव प्रथम येतं. खाडीचं तोंड बंद होत होतं आणि तिथेच शहर उभं राहत होतं.

खाडी उथळ का झाली? गाळाने नाही. इथली जमीनच वर येते आहे.

शेवटच्या हिमयुगात या सगळ्या प्रदेशावर बर्फाचा थर होता. त्याची जाडी काही ठिकाणी तीन किलोमीटरपर्यंत होती. एवढं ओझं पेलता पेलता पृथ्वीचं कवच शेकडो मीटर खाली दबलं आणि त्याच्या खालचा तप्त खडक बाजूला सरकला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून गेला. ओझं उतरलं, पण खालचा खडक लगेच परतून येऊ शकत नाही. थंडीत घट्ट झालेल्या काकवीत उलथनं दाबून उचललं, तर खळगा जसा अगदी सावकाश भरून येतो, तसं इथे चाललं आहे. फरक इतकाच, की या खळग्याला भरायला हजारो वर्षं लागतात आणि तो अजून पुरता भरलेला नाही. स्टॉकहोमची जमीन वर्षाला चार-पाच मिलिमीटर उचलली जाते. उत्तरेकडे, जिथे बर्फ सगळ्यात जाड होता, तिथे हा वेग जवळजवळ दुप्पट आहे. त्या किनाऱ्याला उंच किनारा असंच म्हणतात. तिथे एकेकाळी लाटा जिथे आपटत होत्या, ती रेघ आज समुद्रसपाटीपासून 286 मीटर उंच डोंगरात सापडते.

हे माणसाच्या लक्षात कसं आलं, ही हकीकत मला फारच आवडते. तापमानाच्या अंशांना ज्याचं नाव आहे, त्या अंडर्स सेल्सिअसने या प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. किनाऱ्यावरच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, की पाणी मागे हटतंय. होड्यांच्या जागा कोरड्या पडतात, बंदरं पुढे सरकवावी लागतात. पण मोजायचं कसं? सेल्सिअसने सीलचा आधार घेतला. सील हा प्राणी पाण्याबाहेर जेमतेम डोकावणाऱ्या खडकावर चढून पहुडतो, आणि असे खडक शिकाऱ्यांच्या मालकीचे असत. त्यांची खरेदी-विक्री होई, वारसाहक्क लागे, दफ्तरात नोंद होई. खडक फार उंच झाला की सील वर चढू शकत नाही आणि त्या खडकाची किंमत संपते. म्हणजे जुन्या कागदपत्रांत ज्या खडकाला मोल होतं, तो खडक त्या साली पाण्याच्या पातळीशी होता. आता तो किती वर आहे ते मोजलं, की वेग मिळाला! सेल्सिअसचं उत्तर आलं शंभर वर्षांत मीटरभराहून अधिक. पुढच्या पिढ्यांना ताडून बघता यावं म्हणून 1731 साली त्याने लोवग्रुंड नावाच्या बेटावरच्या खडकात पाण्याच्या पातळीची रेघ कोरून ठेवली. ती रेघ आजही आहे, आणि पाण्यापासून बरीच वर आहे.

सेल्सिअसला वाटलं होतं, समुद्राचं पाणीच कमी होतंय. एक शतक लोटल्यावर, 1834 मध्ये, चार्ल्स लायेल हा भूशास्त्रज्ञ मुद्दाम ती रेघ बघायला इंग्लंडहून गेला आणि जमीनच उचलली जाते अशी खात्री करून परतला. बर्फाच्या ओझ्याचा उलगडा त्यानंतर झाला. 1865 मध्ये थॉमस जेमीसन या स्कॉटिश अभ्यासकाने तो मांडला. इकडे स्लुसेनच्या दारांवर 1774 पासून पाण्याच्या पातळीची नोंद ठेवली जात होती. समुद्राच्या पातळीच्या जगातल्या सर्वांत जुन्या सलग नोंदींपैकी ही एक. बोटी कधी सोडायच्या हे ठरवायला लिहिलेले आकडे आज सगळ्या जगाच्या हवामान-अभ्यासाला उपयोगी पडतात.

हे कळल्यावर जुन्या शहरातून चालताना पायांखालची जमीन वेगळी वाटायला लागते. वेस्टरलोंगगातान हा तिथला सगळ्यात गजबजलेला रस्ता. आइस्क्रीमची दुकानं, चुंबकी चित्रं, पर्यटकांचे लोंढे. मध्ययुगात हा रस्ता शहराच्या तटाबाहेरून, पाण्याच्या कडेने जात होता. आज तिथून पाणी दिसतही नाही, गल्ल्या ओलांडून खाली उतरावं लागतं. काही जागा माणसांनी राडारोडा टाकून भरली, काही जमिनीने स्वतः वर येऊन दिली. त्या रस्त्यावरून पाण्याच्या दिशेने उतरणाऱ्या कुठल्याही बोळात शिरलं, की आपण पूर्वीच्या समुद्रतळावरून चालत असतो.

मीठ आणि मिलिमीटर या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली बघायच्या, तर छोट्या बोटीने युरगोर्डन बेटावर जायचं. तिथे एका मोठ्या, काळपट इमारतीच्या छपरातून तीन डोलकाठ्या बाहेर आल्या आहेत. आत वासा आहे.

वासा ही युद्धनौका 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्या सफरीला निघाली. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ पोलंडशी लढत होता आणि त्याला ही नौका लवकरात लवकर हवी होती. 69 मीटर लांब, कण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत 52 मीटर उंच, एकावर एक दोन मजल्यांत मांडलेल्या 64 तोफा. राजवाड्याजवळून ती निघाली, दहापैकी चार शिडं सोडली, सलामीच्या तोफा झाडल्या. वारा मंद होता. एका झुळकीने ती कलली, सावरली. दुसऱ्या झुळकीने इतकी कलली, की खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. जेमतेम 1300 मीटर अंतर कापून, शहरातल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत, ती बुडाली. सुमारे तीस माणसं गेली. बेटांच्या टोकापर्यंत कुटुंबियांना सोबत नेण्याची मुभा होती, म्हणून त्यांत बायकाही होत्या.

नौका वरून जड आणि खालून हलकी होती. तळाशी दगडांचं सुमारे 120 टन नीरम भरलं होतं, पण वरच्या बांधणीच्या आणि तोफांच्या वजनाला ते पुरणारं नव्हतं. निघण्याआधी चाचणी झाली होती. तीस खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत धावायला लावलं. तिसऱ्या फेरीला नौका इतकी डुलू लागली, की चाचणीच थांबवली. तरी ती निघाली. मुख्य कारागीर हेन्रिक हिबर्टसन आदल्या वर्षीच वारला होता, राजा दूर होता आणि त्याची घाई सर्वांना माहीत होती. चौकशी झाली, पण शिक्षा कुणालाच झाली नाही.

संग्रहालयात एका काचेमागे चार साध्या लाकडी मोजपट्ट्या आहेत. नौकेत सापडलेल्या. त्यांच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. दोन पट्ट्या स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांत विभागलेल्या. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंचांत विभागलेल्या. बांधणाऱ्यांत स्वीडिशही होते आणि डचही. कुणाचा इंच लहान, कुणाचा मोठा. अलीकडे नौकेचा कण नि कण मोजला, तेव्हा ती दोन्ही बाजूंना सारखी नसल्याचं दिसलं. डाव्या बाजूचं लाकूड जास्त जाड आहे. ती कललीही डावीकडेच. बुडण्याचं मूळ कारण तिच्या वरच्या वजनातच होतं, पण या फूटभर पट्ट्यांनी तेव्हाच्या धक्क्यावरची गडबड, दोन भाषांमधली हाकाटी, दोन हातांची मापं माझ्यापुढे जशीच्या तशी आणून उभी केली.

पण मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच. 333 वर्षं पाण्याखाली राहून लाकडी नौका शिल्लक कशी राहिली? आणि शिल्लक म्हणजे किती, तर आज समोर दिसते त्यातलं 98 टक्के लाकूड मूळचं आहे. तोफांच्या खिडक्यांच्या झडपांवर कोरलेल्या सिंहांच्या चेहऱ्यांवरच्या आयाळीच्या बटा मोजता येतात. न सोडलेली सहा शिडं घड्या घातलेल्या अवस्थेत सापडली.

आपल्या समुद्रात हे झालं नसतं. उबदार, खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो, टेरेडो. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्याच्या कुळातला. इवल्याशा दोन शिंपांच्या धारेने तो लाकूड किसत आत शिरतो आणि काही वर्षांत जाडजूड वासे चाळणीसारखे करून टाकतो. त्याला जगायला, पिल्लं वाढवायला पाण्यात पुरेसं मीठ लागतं. स्टॉकहोमच्या पाण्यात तेवढं नाही. नवऱ्याने जिभेवर घेतलेल्या त्या आळणी थेंबाने ही नौका वाचवली. त्यात शहराचं सांडपाणी शतकानुशतकं बंदरात येत राहिल्याने तळाशी प्राणवायूच उरला नव्हता, त्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या जिवांनाही तिथे थारा मिळाला नाही.

आंदेर्स फ्रान्सेन या अभियंत्याने हे ओळखलं. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पोखरलेलं लाकूड आणि पूर्व किनाऱ्यावरचं शाबूत लाकूड त्याने पाहिलं होतं. बाल्टिकच्या तळाशी जुनी जहाजं अखंड असणार, हा त्याचा ठाम तर्क. त्याने स्वतःच एक अवजार बनवलं, दोरीने तळावर सोडायचं आणि लाकडाचा तुकडा कापून वर आणायचं. वर्षानुवर्षं तो बंदरात ते टाकत राहिला. 25 ऑगस्ट 1956 रोजी त्यात काळ्या पडलेल्या ओकचा तुकडा आला. त्यानंतर पाणबुडा पेर एडविन फेल्टिंग खाली उतरला. 32 मीटरवर, चिखलात, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तो हातांनी चाचपत गेला. हाताला एक चौकोनी भोक लागलं, पुढे आणखी एक. मग वर, दुसरी रांग. दोन मजल्यांच्या तोफांच्या खिडक्या! दुसरी कुठली नौका असणं शक्यच नव्हतं.

पाणबुड्यांनी नौकेखालच्या चिखलातून सहा बोगदे खणले, डोक्यावर शेकडो टनांचं, तीनशे वर्षांपूर्वीचं लाकूड असताना. त्यांतून तारदोर ओवून तिला टप्प्याटप्प्याने उथळ पाण्यात आणलं आणि 24 एप्रिल 1961 रोजी ती पृष्ठभागावर आली. संग्रहालयात हे वाचताना माझ्या मनात एक हिशेब सुरू झाला. समुद्रतळही जमिनीचाच भाग, तोही दरवर्षी उचलला जात होता. म्हणजे माणसांनी हात लावायच्या आधीच वासा मीटरभराहून अधिक वर आली होती!

बाहेर काढलेलं लाकूड तसंच वाळवलं असतं, तर आक्रसून, तडकून मोडून गेलं असतं. म्हणून तिच्यावर 17 वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणचट द्रव्याचा फवारा चालू ठेवला. पाण्याची जागा हळूहळू त्याने घेतली. औषधी मलमांतही हेच द्रव्य असतं. पुढे काही वर्षं सावकाश वाळवणं झालं आणि 1990 मध्ये आजचं संग्रहालय उघडलं.

तरी काम संपलेलं नाही. ज्या घाण, प्राणवायूविरहित पाण्याने तिला वाचवलं, त्याच पाण्यातल्या जिवाणूंनी लाकडात गंधक भरून ठेवलं होतं. 2000 सालच्या पावसाळी उन्हाळ्यात ओल्या कपड्यांनिशी आलेल्या गर्दीमुळे आतला दमटपणा वाढला आणि लाकडावर पांढरे-पिवळे डाग उमटले. गंधकाचं आम्ल होऊ लागलं होतं, आणि लोखंडी खिळे-बोल्टांनी त्याला गती दिली होती. मग हवा नियंत्रित करणारी यंत्रणा सुधारली आणि 5,500हून अधिक बोल्ट काढून गंज न धरणाऱ्या पोलादाचे बसवले. म्हणूनच आत इतका मंद उजेड आणि इतका गारवा असतो. आपण बरोबर आणलेल्या शाली तिथे कामी येतात.

मिलिमीटरच्या बाजूचंही काम चालूच आहे. हजारो वर्षं जमीन एकटीच वर येत होती. आता जग तापतंय, समुद्रही वर्षाला काही मिलिमीटर चढतोय, आणि स्टॉकहोमच्या जमिनीची जवळजवळ सगळी कमाई तो खाऊन टाकतो. उद्या तो जमिनीपेक्षा वेगाने चढला, तर सरोवर आणि समुद्र यांच्यातला तो सत्तर सेंटिमीटरचा फरक कमी होत जाईल. मेलारेन हे सुमारे वीस लाख लोकांचं पिण्याचं पाणी आहे. त्यात मीठ शिरून चालणार नाही, आणि मोठ्या पावसात सरोवराचं पाणी बाहेर सोडता आलं नाही, तर काठची गावं बुडतील. म्हणून स्लुसेन नव्याने बांधायला घेतलं, आणि तिथून पाणी सोडण्याची क्षमता पूर्वीच्या जवळपास पाचपट करायची योजना केली. आम्ही गेलो तेव्हा तिथे क्रेन, पत्रे, खोदलेले खड्डे असा पसारा होता. पर्यटक नाक मुरडून पुढे जात होते. आम्ही मात्र कठड्याला टेकून तो पसाराच बघत राहिलो. आठशे वर्षं जमिनीने आपणहून सांभाळलेलं हे दार यापुढे माणसांना सांभाळायचं आहे, आणि त्याची तयारी या लोकांनी पाणी पायरीला लागण्याआधीच सुरू केली आहे.

स्टॉकहोमला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता एक क्रम सांगते. आधी स्लुसेनला जा आणि सरोवर कुठल्या बाजूला, समुद्र कुठल्या बाजूला हे नीट समजून घ्या. मग वेस्टरलोंगगातानवरून पाण्याकडे उतरा. बेटांच्या बोटीवर एक दिवस काढा आणि पाणी चाखा. वासा सगळ्यात शेवटी बघा. तोवर तिला कुणी वाचवलं, हे तुम्हाला पाटी न वाचताच कळलेलं असेल.